ठिणगी पडली नाही तर काडी ओढू नका

गेल्या गणपतीत आमच्या गुहागरच्या घरी पंधरा माणसं होती. सकाळचे साडेसहा, बाहेर पाऊस, आणि न्हाणीघरापुढे खांद्यावर टॉवेल टाकून उभी असलेली रांग. पहिला नंबर सासऱ्यांचा, कारण पूजेला तेच बसतात. आप्पांनी गरम पाण्याचा नळ फिरवला. गॅसच्या गिझरमधून टिकटिक टिकटिक असा नेहमीचा आवाज आला आणि थांबला. जाळ काही दिसला नाही. त्यांनी नळ बंद करून पुन्हा उघडला. असं चार-पाच वेळा झालं. मग आप्पा स्वयंपाकघरातून काडेपेटी घेऊन आले आणि गिझरच्या पुढच्या भोकातून पेटती काडी आत सरकवली.

भक्कन जाळ बाहेर आला. आप्पांच्या भुवया आणि उजव्या हातावरचे केस गेले. हात लगेच नळाखाली धरला, वीस मिनिटं धरून ठेवला, त्यामुळे फोड आले नाहीत. डोळे वाचले, ही गणरायाचीच कृपा. करपलेल्या केसांचा वास मात्र आरतीपर्यंत घरात होता.

आप्पांनी उभा जन्म न्हाणीघरातल्या चुलीवर तांब्याच्या हंड्यात पाणी तापवलं. जळण नारळाचंच: सोडणं, करवंट्या, वाळलेली चुडतं. चूल विझली की फुंकणी मारायची, नाही तर काडी लावायची. विझलेल्या जाळाला काडी लावणं यात त्यांना वावगं काही वाटलं नाही, आणि गॅसच्या गिझरला हा रिवाज का चालत नाही हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्याने झाकण काढून एकेक भाग हातात देऊन दाखवला. नंतर मी वाचलं, हिशेब मांडून पाहिला. जे कळलं ते लिहिते आहे, कारण आपल्याकडे किनारपट्टीला आता घरोघर, आणि पर्यटकांच्या खोल्याखोल्यांतून, हेच गिझर लागलेले आहेत. वीज जाते, म्हणून लोक गॅसवर गेले. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा ज्यांच्या टाकीत पाणी आणि घरात सिलिंडर होता, त्यांना गरम पाणी मिळत होतं.

आता आत काय घडतं ते पाहू. हा गिझर पाणी साठवत नाही, वाहतं पाणी तापवतो. तुम्ही गरम नळ उघडलात की पाणी आत धावतं आणि एका रबरी पडद्याला ढकलतं. पडद्याला जोडलेली पिन एक छोटा स्विच दाबते. तो दाबला की खालच्या डबीतल्या दोन जाड सेलमधून, म्हणजे जुन्या टॉर्चला लागायचे तसल्या सेलमधून, तीन व्होल्ट एका इलेक्ट्रॉनिक डबीला मिळतात. मेकॅनिक तिला मोड्यूल म्हणतो. ही डबी तीन व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि बर्नरच्या तोंडाशी असलेल्या सुईतून ठिणग्या उडवते. टिकटिक ऐकू येते ती त्याचीच. त्याच वेळी ती गॅसचा व्हॉल्व्ह उघडते. ठिणगी आणि गॅस यांची गाठ पडली की बर्नर पेटतो.

इथपर्यंत बहुतेकांना अंदाज असतो. खरी गंमत पुढे आहे. ठिणगीच्या सुईशेजारी आणखी एक सुई असते, ती ठिणगी पाडत नाही, ती जाळ आहे की नाही एवढंच बघते. ज्योतीतून अगदी क्षीण वीजप्रवाह वाहू शकतो. हवेतून तो वाहत नाही, पण पेटत्या गॅसमधून वाहतो, कारण जळताना त्यात विद्युतभारित कण तयार होतात. हा प्रवाह पोचला की डबीला कळतं, जाळ लागला. मग ती व्हॉल्व्ह उघडा ठेवते. काही सेकंदांत प्रवाह आला नाही तर टिकटिक बंद करते आणि गॅस तोडते.

म्हणजे गिझर पेटला नाही तेव्हा तो बिघडून गप्प बसलेला नसतो. जाळ नाही हे ओळखून त्याने स्वतःहून गॅस बंद केलेला असतो. आपण नळ पुन्हा फिरवतो तेव्हा त्याला आणखी काही सेकंद गॅस सोडायला लावतो.

हा गॅस किती असतो? सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर मोठ्या आचेवर ताशी साधारण ०.९ किलो गॅस जाळतो. म्हणजे सेकंदाला पाव ग्रॅम, आकारमानात सेकंदाला एक दशांश लिटरहून थोडा जास्त. आठ-नऊ सेकंद टिकटिक झाली तर जवळजवळ एक लिटर न जळलेला गॅस बाहेर पडतो. ऐकायला थोडा वाटतो. पण हा गॅस हवेत सुमारे दोन टक्के झाला की पेट घेऊ शकतो. तेव्हा एक लिटर गॅसपासून पेटू शकेल असं ५० लिटरपर्यंत मिश्रण होऊ शकतं, म्हणजे वीस लिटरच्या अडीच बादल्या. आप्पांनी चार-पाच वेळा नळ फिरवला होता. त्यातला काही गॅस गिझरच्या पत्र्याच्या खोक्यातच घुटमळत होता, आणि काडी नेमकी तिथेच गेली.

उरलेला गॅस खाली उतरला होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. धूर वर जातो, हा वर जात नाही. न्हाणीघराच्या छताजवळच्या झरोक्यातून तो निघून जाईल असं आपल्याला वाटतं, पण तो पायांशी, मोरीच्या तोंडाशी, बादलीमागे साचून राहतो. म्हणून गॅसचा वास घ्यायचा तर वाकून, जमिनीशी घ्यायचा. मुळात या गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं.

तेव्हा ठिणगी पडली नाही तर करायचं काय, ते अगदी क्रमाने सांगते, कारण घाईत नेमका क्रमच चुकतो. नळ बंद करा. गिझरकडे येणाऱ्या नळीवरचा गॅसचा कॉक बंद करा. न्हाणीघराचं दार सताड उघडा, पुढचं-मागचं दारही उघडा, म्हणजे जमिनीलगत वारा खेळेल. दिव्याचं किंवा एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाबू नका. पंखा लावावा असं हमखास मनात येतं, पण बटणातही ठिणगी पडते. पंखा आधीच चालू असेल तर बंदही करू नका. टॉवेलने किंवा सुपाने दाराकडे वारा घातला तरी चालेल. मग दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटांनी जमिनीशी वाकून वास घ्या. वास नसेल तरच गॅस उघडून एकदा नळ फिरवून पाहा. वास जात नसेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, घराबाहेर या आणि १९०६ वर फोन करा. हा गॅसगळतीसाठीचा तातडीचा क्रमांक आहे, देशभर चालतो.

एवढ्यात पाहुणे ताटकळतात, मुलं ओरडतात, पूजेला उशीर होतो. होऊ दे. शेगडीवर मोठं पातेलं ठेवा आणि दोन-दोन तांबे विसण घालून आंघोळी उरका.

काडीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आमची नणंद न्यू जर्सीत असते. घडलेला प्रकार ऐकून ती फोनवर म्हणाली, "अगं वहिनी, इकडे तर लोक पायलट काडीनेच पेटवायचे की!" ती खोटं सांगत नव्हती. तिकडचा हीटर म्हणजे माणसाएवढी उंच टाकी असते आणि तिच्या बुडाशी पायलट नावाची करंगळीएवढी ज्योत रात्रंदिवस तेवत असते. ती विझली तर कॉक बंद करून, गॅस उडून जाईपर्यंत थांबून, मग कॉक पायलटच्या खुणेवर आणतात, दाबून धरतात आणि ज्योत लावतात. लागल्यावरही अर्धं-एक मिनिट दाबून ठेवावं लागतं. ज्योतीत दोन धातूंच्या जोडाची एक कांडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की वीज निर्माण होते, हे झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये पाहिलं होतं. कांडी तापून पंचवीस-तीस मिलिव्होल्ट द्यायला लागली की गॅसचा व्हॉल्व्ह त्या विजेवर उघडा राहतो. बोट सोडल्यावर ज्योत विझली तर बहुधा ही कांडीच गेलेली असते. आणि तिकडेही हे काडीचं प्रकरण जुनं झालं. २००३ पासून तिथल्या नव्या घरगुती टाक्यांची जळणाची जागा बंदिस्त असते, काडी आत घालायला वाटच नाही. दट्ट्या दाबून ठिणगी पाडायची आणि काचेतून बघायचं.

आपल्या भिंतीवरच्या सेलवाल्या गिझरला बहुतेक पायलट नसतोच. काडी घेऊन पेटवायची अशी त्यात जागाच केलेली नाही. आत असतो तो मोठा बर्नर, जो एकदम सगळा पेटतो. तिकडच्या यंत्राचा व्हिडिओ पाहून इकडच्या यंत्रात काडी घालायची, यात जीव जाऊ शकतो. स्वयंपाकघरातला लायटर काडीपेक्षा बरा असंही समजू नका. त्याची टक् करून पडणारी ठिणगी गॅस पेटवायला तितकीच पुरेशी आहे.

मग ठिणगी का पडत नाही? आमच्या मेकॅनिकचं म्हणणं, "वहिनी, आधी ऐकायचं. कान लावलात की निम्मं कळतं."

नळ उघडल्यावर टिकटिक अजिबातच आली नाही, तर सेल किंवा पाणी. आपल्याकडे सेल संपण्याआधी सेलची डबी मरते. समुद्राची खारी, दमट हवा तिथल्या स्प्रिंगवर बसते. डबी ओढून काढलीत तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर हिरवट-पांढरी पूड दिसेल, बोटाने खरवडली तर मिठासारखी सुटते. बारीक पॉलिश पेपरने स्प्रिंग आणि समोरची पट्टी चकचकीत होईपर्यंत घासा, कोरड्या फडक्याने पुसा आणि दोन्ही सेल एकदम नवे घाला. एक नवा आणि एक जुना घालू नका, जुना नव्यालाही ओढून नेतो. अल्कलाइन सेल घेतलात तर चार पैसे जास्त जातात, पण टिकतात. सेल उलटे बसवले जाण्याची चूक तर सगळेच करतात, तेवढं बघा.

सेल ठीक असतील तर पाणी. वर सांगितलेला रबरी पडदा ढकलायला दाब लागतो. उतरत्या कौलांच्या घरांत टाकी चिऱ्याच्या चौथऱ्यावर, कधी न्हाणीघराच्या माथ्यावरच असते. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, मग चार-पाच फुटांवरच्या टाकीला कितीसा येणार? त्यात विहिरीचं पाणी. आपल्या जांभ्या दगडात लोह भरपूर, त्याचा तांबडा गाळ पाण्याबरोबर येतो आणि गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतो. पाण्याचा कॉक बंद करून जोड सोडवला की ती जाळी हाती येते. आमची निघाली तेव्हा तिच्यावर गेरूसारखा थर होता, बोटाला लागला तो साबणाने धुवावा लागला. जुन्या टूथब्रशने घासून परत बसवली. पावसाळ्यात ओहोळाचं पाणी विहिरीत उतरतं तेव्हा हे महिन्या-दीड महिन्याने करावं.

टिकटिक आली पण जाळ लागला नाही, तर आधी स्वयंपाकघरातली शेगडी त्याच सिलिंडरवर असेल तर पेटवून बघा. सिलिंडर संपत आलेला असू शकतो. नवा लावला असेल तर नळीत हवा असते, पहिल्या खेपेला पेटत नाही. तेव्हाही मध्ये थांबूनच पुन्हा प्रयत्न करायचा. टिकटिक मरतुकडी, मंद वाटली तर पुन्हा सेल. ठिणगी पडेल एवढी ताकद त्यांच्यात असते, पण व्हॉल्व्ह ओढून उघडायला जो झटका लागतो तेवढी उरलेली नसते.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. टिकटिक ठणठणीत होती. मेकॅनिकने झाकण काढलं, गॅस बंद ठेवून आणि खोलीतला गॅस उडून गेल्याची खात्री करून नळ फिरवला आणि मला बघायला बोलावलं. ठिणगीच्या सुईला खाली पांढरं चिनी मातीचं बोंडुक असतं, खडूच्या तुकड्याएवढं. त्याला केसासारखा तडा गेला होता आणि निळी ठिणगी सुईच्या टोकाकडे न जाता त्या तड्यातून बाजूच्या पत्र्यावर उडी मारत होती. बर्नरपासून दोन बोटं खाली. आवाज नेहमीचाच होता, जागा चुकली होती. आम्ही बाहेर उभे राहून कितीही कान लावले असते तरी हे कळलं नसतं. त्याने सुई बदलली, टोक बर्नरपासून तीन-चार मिलिमीटरवर ठेवलं, आणि गिझर पहिल्या टिकटिकीला पेटला. सेल बदलणं आणि जाळी धुणं आपलं काम आहे. झाकणाच्या आतलं सगळं मेकॅनिकचं.

जाळ लागून दोन-चार सेकंदांत विझत असेल, तर बहुतेक ती दुसरी, जाळ बघणारी सुई काजळलेली असते. जाळ आहे, तिला दिसत नाही. आणि भप्प आवाज करून, दचकवत पेटत असेल तर त्याला सवय समजू नका. ठिणगी उशिरा पोचते आहे, तोवर गॅस साठतो आहे. आप्पांना जे झालं त्याची ती धाकटी आवृत्ती आहे. त्या दिवसापासून गिझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा.

पेटल्यावरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एक किलो गॅस जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या आंघोळीत दीडशे ग्रॅम गॅस जळतो, त्याला पावणेदोन-दोन घनमीटर हवा हवी. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून साडेपाच घनमीटरच्या आतच हवा असते. म्हणजे दार-खिडकी बंद करून आंघोळ केली तर एकतृतीयांश हवा गिझरच खातो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना तो झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं, आणि माणूस कडी काढायच्या आत खाली बसतो. चुलीचा धूर डोळ्यांत जायचा, माणूस खोकत बाहेर पळायचा. जुन्या न्हाणीघरांना कुडाच्या, कौलांच्या फटी होत्या. आता टाइल्स आणि सरकत्या काचा लागल्या, फटी बुजल्या, आणि पाऊस आत येतो म्हणून आपण खिडकीही लावून घेतो.

गिझरच्या काचेत ज्योत निळी दिसली पाहिजे. पिवळी, लांब जिभेची दिसली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली तर तो वापरू नका. आंघोळ करताना कोणाला गरगरलं तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवू शकतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनचं रक्त यांतला फरक त्याला ओळखता येत नाही. त्याच्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. डॉक्टरांना "गॅसचा गिझर होता" हे आठवणीने सांगा.

आम्ही दिवाळीआधी गिझर न्हाणीघरातून काढून मागच्या पडवीच्या भिंतीवर लावला, पागोळी लागणार नाही अशा बेताने. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येतो. खर्च झाला तो पाइपाचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा. सिलिंडरही पडवीतच. नळी नारिंगी, सुरक्षा छापाची, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना, ते आप्पाच दर महिन्याला बघतात.

मुंबईहून फक्त शिमग्याला आणि गणपतीला येणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगायला हवं. घर बंद करताना रेग्युलेटर काढा आणि गिझरमधले सेल काढून ठेवा. चार महिने आत राहिलेले सेल पाझरतात आणि स्प्रिंग खातात. परत आल्यावर पहिल्या दिवशी लगेच नळ फिरवू नका. बंद घरात कोळी बर्नरच्या नळ्यांत जाळी करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, आणि त्या नळ्यांतूनच जळायला लागणारी हवा आत येत असते. गॅसची वाट मोकळी आणि हवेची बंद, अशा गिझरचा जाळ पिवळा येतो किंवा खालून बाहेर येतो. पोचल्या दिवशी मेकॅनिकला बोलावून बर्नर झाडून घ्या. गणपतीच्या आदल्या दिवशी तो मिळत नाही, त्याला दहा दिवस आधी मुंबईहूनच फोन करून ठेवावा लागतो.